लेहुआ आंटीचा नंबर

पाण्यात पाऊल टाकण्याआधी लेहुआ आंटी परवानगी मागायची. कोस्ट गार्डची नव्हे, पाण्याची. उम्म अल कुवैनच्या खाडीवर, तिवरांच्या कडेला, चपला काढून ती अनवाणी उभी राहायची आणि तिच्या हवाईयन भाषेत काहीतरी लांबलचक म्हणायची. गाणं नव्हे, प्रार्थनाही नव्हे. पोटातून येणारा सूर असायचा, शेवटचा स्वर लांबत लांबत पाण्यावर जायचा. म्हणून झालं की ती गप्प उभी. तिच्यामागे मी, माझा नवरा मंदार आणि आमची इरा, हातात डबे आणि टॉवेल घेऊन ताटकळत.

"आता काय?" मी पहिल्या वेळी विचारलं होतं.

"आता उत्तर येऊ दे."

"कोणाचं?"

"ज्यांच्या घरी आलोय त्यांचं. तू कुणाच्या घरात बेल न वाजवता शिरतेस का?"

बहुतेक वेळा उत्तर यायचं. वाऱ्याची झुळूक यायची, एखादा बगळा उडायचा, मासा उसळी मारायचा. तिला काय पुरेसं वाटायचं ते मला कधी कळलं नाही, पण ती मान हलवून "यल्ला" म्हणायची आणि आम्ही पाण्यात उतरायचो. एकदा मात्र आम्ही पहाटे उठून, पोहे करून, पाऊण तास गाडी हाकत तिथे पोहोचलो. आंटीने म्हणायचं ते म्हटलं, वाट पाहिली आणि शांतपणे चपला पायात सरकवल्या. "आज नको म्हणतायत."

मंदारचा पारा चढला. "आंटी, प्रॅक्टिकली प्रॉब्लेम काय आहे? टाइड लो आहे, वेदर क्लिअर आहे!"

"प्रॉब्लेम काहीच नाही हबीबी. त्यांना आज पाहुणे नकोत, एवढंच." आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून पोहे खाल्ले आणि परत आलो. सगळ्यात जास्त पोहे तिनेच खाल्ले.

आम्ही शारजाला अल मजाजमध्ये राहतो, खालिद लगूनच्या समोर, चौदाव्या मजल्यावर. आंटीचा फ्लॅट आमच्या समोरचा. ती इराच्या शाळेत पोहायला शिकवायची. साठीच्या आसपासची, रुंद खांद्यांची, पिकलेल्या केसांचा अंबाडा आणि त्यात रोज एक फूल, बागेतलं, रस्त्याकडेचं, जे मिळेल ते. शाळेच्या पहिल्या आठवड्यात इरा पाण्याला घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती, ती जवळजवळ बारावीपर्यंत सुटली नाही. तिच्या बेटांवर वडीलधाऱ्या कुठल्याही बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे आमच्या मुलांच्या तोंडून ते ऐकताना तिला परकं वाटायचं नाही. ती इंग्रजीतच बोलायची, तिच्या बेटांवरच्या मोडक्यातोडक्या, लाघवी इंग्रजीत, आणि त्यात इथे उचललेलं यल्ला नि खलास. मी ते मराठीत सांगते आहे. त्यात तिची अर्धी गंमत सांडणार, याला माझा इलाज नाही.

हवाई म्हटलं की लोक तिला लगेच "अलोहा!" करायचे आणि कंबर हलवून दाखवायचे. ती हसायची, पण तो शब्द स्वतः सहसा उच्चारायची नाही. "तो काही गुड मॉर्निंग नाही. त्यात श्वास आहे. श्वास काय लिफ्टमध्ये वाटत फिरायचा?" शाळेच्या इंटरनॅशनल डेला तिला प्लॅस्टिकच्या गवताचा घागरा घालून नाचायला सांगितलं होतं. ती लांब सुती झगा घालून गेली, मुलांना बूट काढून खाली बसवलं आणि तिच्या गावातल्या पावसांची नावं सांगितली. डोंगरावरून तिरका येणारा एक, फुलांवर थबकणारा एक, समुद्रावरून चालत येतो तो आणखी एक. प्रत्येक दरीच्या पावसाला वेगळं नाव. पहिलीतला एक पोरगा म्हणाला, "मिस, वी हॅव ओन्ली वन रेन." आंटी इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. संध्याकाळी तिने मला विचारलं, "तुमच्याकडे पावसाला काय काय म्हणतात?" मी बोटं मोजायला लागले. सर, भुरभुर, रिपरिप, झड, वळीव. पाचव्या बोटाशी थांबले आणि चहा टाकायला उठले. तिने ओळखलं असणार.

एकदा खाडीत आम्ही कयाकमध्ये असताना एक हिरवं कासव श्वास घ्यायला वर आलं, आमच्यापासून दोन हातांवर. इराने मोबाइल काढला. आंटीने वल्हं आडवं धरलं, मान खाली घातली आणि थोरामोठ्यांशी बोलावं तसं त्याच्याशी दोन शब्द बोलली. कासव गेल्यावर तिने सांगितलं की कासव तिच्या घराण्याचं आहे. पूर्वजच, वेगळ्या अंगात. त्याला हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही, ज्याच्यावर संकट येतं त्याच्या बाजूला ते पोहत राहतं.

"आमच्याकडे देवक असतं," मी म्हणाले. "घराण्याचं झाड. ते तोडायचं नसतं."

तिचे डोळे चमकले. "तुमचं कुठलं?"

मला माहीत नव्हतं. लग्नात कुणीतरी पानं आणली होती, भटजींनी काहीतरी केलं होतं, माझं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे होतं. घरी येऊन मी देवगडला आईला फोन केला. "कळंब गो," आई म्हणाली. "आज खयसून आठवण झाली?" आंटीला मी दुसऱ्या दिवशी कळंब म्हणून सांगितलं. तिने तो शब्द तीनदा घोळवला, कागदावर लिहून घेतला आणि मला म्हणाली, "पुन्हा हरवू नकोस."

हिवाळ्यात मात्र ती वेगळीच व्हायची. उम्म अल कुवैनच्या एका फुटबॉल मैदानावरच्या गवतात ऑक्टोबरच्या सुमाराला एक पक्षी उतरायचा. टिटवीएवढा, पाठीवर सोनेरी ठिपके, चार पावलं धावायचा, थबकायचा, पुन्हा धावायचा. तिच्या भाषेत कोलेआ. तिच्या गावी हाच पक्षी अलास्काहून समुद्र ओलांडून येतो आणि दर वर्षी नेमका त्याच अंगणात उतरतो, लोक त्याला नावाने ओळखतात. इथला सैबेरियाचा. "याने माझं बेट कधीच पाहिलं नाही," ती म्हणायची, "पण कपडे तेच आहेत बघ." मैदानाच्या जाळीला बोटं अडकवून ती तासभर उभी राहायची. माहेरच्या गावचं माणूस बाजारात दिसावं, आणि त्याची आपली ओळख नसावी, तसा तिचा चेहरा व्हायचा. अशा वेळी मी गाडीतच बसून राहायचे.

तिच्या बेटावर पैसेवाल्यांनी घरं घेतली आणि तिथल्याच लोकांना तिथे राहणं झेपेना. मग भावंडं पांगली. ती नवऱ्याबरोबर इथे आली, नवरा गेला, ती राहिली. मूल नव्हतं. पण ती परत जाणार होती, कारण ती यादीवर होती. मूळ हवाईयन लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीचे प्लॉट मिळतात, आणि त्यासाठी यादी आहे. तिच्या वडिलांनी ती शाळेत असताना नाव घातलं. ते वाट बघत वारले. त्यांच्या जागी तिचं नाव लागलं. तिच्यामागे पुढच्या पिढीत लावायला कोणीच नव्हतं, एक भाची होती, पण नियमाला किमान अर्धं हवाईयन रक्त लागतं आणि कागदोपत्री तिचं तेवढं भरत नव्हतं. म्हणजे आंटी गेली की खलास, घराण्याचं नाव यादीतून पुसलं जाणार. वर्षातून एकदा नवा नंबर यायचा. तो ती फ्रिजवर पेन्सिलने लिहायची, जुना खोडरबराने पुसायची.

"आपल्याच घरात शिरायला रांग," मी एकदा चिडून म्हणाले.

"रांग सरकते ना? माझे गुडघे आणि ती यादी यांची शर्यत आहे, सिस. मी गुडघ्यांवर पैज लावलीय."

प्लॉट मिळेपर्यंत तिने हॉलमध्ये, खिडकीपाशी, लहान मुलांना आंघोळ घालायच्या प्लॅस्टिकच्या टबात चिखल करून अळू लावलं होतं. हो, आपलं अळू. बाजारातून अळकुड्या आणून लावलेलं, एसीत वाढलेलं, पण पानं ही एवढी. त्यांच्याकडे अळू म्हणजे कालो, आणि कालो हा माणसाचा थोरला भाऊ. त्यांच्या कथेत पहिलं मूल जन्मतःच गेलं, त्याला घराशेजारी पुरलं, तिथे अळू उगवलं. दुसरं मूल जगलं, ते माणूस. थोरल्याने धाकट्याला खाऊ घालायचं, धाकट्याने थोरल्याची निगा राखायची. हे सगळं तिने मला सांगितलं होतं, आणि मी "किती छान!" म्हटलं होतं.

एका भाद्रपदात ती बहिणीच्या आजारपणासाठी महिनाभर गावी गेली आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेली. ऋषिपंचमीला आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला होती. ऋषीची भाजी, आणि दुकानातलं अळू सुकून पापड झालेलं. मी समोरच्या फ्लॅटमध्ये पाणी घालायला गेले तर टब नुसता फुललेला. मला मोह झाला. एक कोवळं पान ठेवून बाकी सगळं देठांसकट कापून आणलं. अळू कापण्यासाठीच असतं, असंच मी लहानपणापासून पाहिलं होतं. भाजी दिसायला सुरेख झाली. पहिल्या घासाला माझा घसा खवखवला, दुसऱ्याला मंदारचा, आणि मग बारा माणसं घसा धरून ताक मागायला लागली. चिंच मी नेहमीएवढीच घातली होती.

आंटी परत आली, टबासमोर उभी राहिली. मी आधीच माफीची तयारी करून ठेवली होती. "तू नव्हतीस, तुझा फोन लागेना, विचारणार कशी?"

"मला कशाला विचारायचं? मी थोडीच अळू आहे?" तिने टबाकडे हनुवटी केली. "त्याला विचारलंस का?"

"आम्हीही पानं खातो," ती म्हणाली, "पोट फुटेस्तोवर खातो. पण थोरल्या भावाच्या ताटातलं न सांगता उचललंस तर तो घसा धरणारच ना?" बारा जणांच्या ताकाची गोष्ट सांगितल्यावर ती जमिनीवर बसून हसली. पण त्या हसण्याच्या मध्येच तिचे डोळे भरून आले. बहीण गेली होती. ते तिने मला त्यानंतर सांगितलं.

पुढच्या वेळी पानं आली तेव्हा तिने मला टबासमोर उभं केलं आणि माझ्या भाषेत विचारायला लावलं. मी कानकोंडी होऊन "घेऊ का रे दोन पानं?" म्हणाले. मग तिने ती नारळाच्या दुधात दोन तास शिजवली आणि आमच्या टेबलावर मधोमध वाडगा ठेवला. त्या दिवशी मंदार आणि इरामध्ये कॉलेजवरून धुसफूस चालली होती. मंदारने तोंड उघडताच आंटीने हात वर केला. "वाडगा उघडा आहे. थोरला ऐकतोय. भांडण झाकण लावल्यावर." गंमत म्हणजे वाडगा रिकामा होईपर्यंत दोघंही विसरली होती कशावरून चाललं होतं. आमच्याकडे त्यानंतर ते वाक्यच झालं, आमटीचं भांडं उघडं असलं तरी चालायचं.

मागच्या वर्षी तिला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग लिफ्टपर्यंत चालताना. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि तोवर लांबचा विमानप्रवास नको म्हणून बजावलं. आणि त्याच महिन्यात ईमेल आला. नंबर लागला होता. ठरल्या दिवशी येऊन प्लॉट निवडायचा. स्वतः येणं शक्य नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवलं तरी चालेल, असंही त्यात होतं. ती दार न वाजवता माझ्या स्वयंपाकघरात आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तिला मिठी मारली, आम्ही दोघी रडलो. मग मी शहाणपणा करायला गेले.

"भाचीला पाठव ना," मी म्हणाले. "इथे ऑपरेशन करून घे, सहा महिने आराम कर, मग जा. प्लॉट कुठे पळून जातोय? थांब की थोडी."

मंदारनेही री ओढली. "आंटी, रिस्क बघा ना. इन्शाल्ला नेक्स्ट इयर आम्ही सगळेच येऊ तुमच्याकडे."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, रागावली असती तर बरं झालं असतं. "आमची जमीन आमच्या वतीने दुसऱ्यांनी निवडायची, हे खूप वर्षं चाललं, सिस," ती म्हणाली. "आणि थांब म्हणून माझ्या बापालाही सांगायचे. फार गोड बोलायचे ते लोकही."

खरं सांगायचं तर मला तिच्या झडपेची काळजी होती, पण तेवढंच नव्हतं. समोरचं दार बंद होणार, या भीतीने मी बोलत होते. इरा शिकायला जाणार होती, मंदार बारा-बारा तास ऑफिसात, आणि या चौदाव्या मजल्यावर माझी म्हणावी अशी ती एकच होती. तिने आयुष्यभर जे सोसलं तेच मी तिला माझ्या सोयीसाठी आणखी थोडं सोसायला सांगत होते. ते तिला कळलं आणि तरी ती मला काही म्हणाली नाही, याची लाज मला अजून वाटते.

तिने फ्रिजवरचा नंबर पुसला आणि तिकीट काढलं. अळूचा टब आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला. निघायच्या दिवशी मी दुबईहून मोगऱ्याच्या कळ्या आणून जाड हार केला. त्यांच्याकडेही मोगऱ्याचे हार करतात, निरोपाला हमखास. विमानतळावर तिने मान वाकवून तो घालून घेतला आणि मला बजावलं, "हा मी कचऱ्यात टाकणार नाही, काळजी करू नकोस. दोरा सोडवून फुलं मातीला देईन." मग तिने सगळ्या गर्दीत माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं आणि खोल श्वास घेतला. मी आधी अवघडले, आजूबाजूला बघितलं. मग डोळे मिटून मीही श्वास घेतला. मोगरा आणि तिच्या केसांना लावलेलं खोबरेल. व्हीलचेअरवाला ताटकळला होता, त्याला ती म्हणाली, "यल्ला हबीबी, घरी."

पोहोचली. निवडीच्या दिवशी स्वतः उभी राहिली. मला फोटो आला, काळ्या लाव्हाच्या दगडांचा उतार, वाळकं गवत, खूप खाली समुद्राची रेघ आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आंटी, केसात फूल. बरोबर आवाजात निरोप होता, "सिस, हे शारजापेक्षा कोरडं आहे! नळ नाही, वीज नाही, सावली नाही! माझं आहे!" आणि मग धाप लागेपर्यंतचं हसणं. ऑपरेशन ती तिथे करून घेणार होती, तारीखही मिळाली होती. भाचीच्या घरी राहायची आणि रोज सकाळी प्लॉटवर जायची. खालून घागरीने पाणी आणून तिने एका कोपऱ्यात कालो लावला, या वेळी तिच्या आजोबांच्या वाणाचा. रोज एक फोटो यायचा. मग एक दिवस आला नाही.

भाचीचा फोन आला तेव्हा इरा सुट्टीला घरी आलेली होती. अकरा आठवडे, भाची म्हणाली. आंटीला अकरा आठवडे मिळाले. सकाळी निघायची तयारी करून पायरीवर बसली होती, तिथेच गेली. मी विचारलं, प्लॉटचं काय? ती म्हणाली, नियमाप्रमाणे तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. आंटीला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "ती म्हणायची, जो कोणी येईल त्याला आल्या आल्या जेवायला तरी मिळेल."

मी फोन ठेवला आणि इराला सगळं सांगितलं. ती टबाशेजारी जमिनीवर बसली होती. खूप रडली, मग नाक पुसून लगूनकडे बघायला लागली. ही पोर शारजात जन्मली, शारजात वाढली, व्हिसावर.

"आई," ती म्हणाली, "व्हिच लिस्ट आर वी ऑन?"

"आपण कुठल्याच लिस्टवर नाही गं," मी म्हणाले. "देवगडला आपलं घर आहे. आजी आहे. दिवसभर दार उघडं असतं. आपल्याला कोणी अडवलेलं नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मग?"